देवाजीच्या घरचे मदतवाले

त्या दिवशी धुकं असं दाट होतं, की माणूस दिसायच्या आधी त्याचा खोकला ऐकू येई. दिवाळी सरली होती. आमचं गाव राजुऱ्याच्या पलीकडं, जंगलाला लागून. किस्से काही आम्ही गोळा करत नाही. पण शेजारी देवाजीचं घर असलं आणि त्या घराला मदत करणारे एवढे असले, की ते आपोआपच साचतात.

देवाजीची बैलबंडी उलटली, पाय मोडला. हाड जुळलं, पण गुडघा वाकेना. बिचारा भिंतीकडं तोंड करून खाटेवर पडला तो पडलाच. घरात बायको शेवंता आणि दोन लेकरं. मग काय, मदतच मदत!

*

पहिले साहेब सांगून गेले, "देवाजी, मन खंबीर ठेवा. रोज पहाटे फिरायला जा!"

पाय कोणाचा मोडला, हे विचारायचं राहून गेलं असावं.

दुसऱ्यांनी शेवंताला शिवणकामाचं ट्रेनिंग देऊ केलं. तालुक्याला राहून.

"अन् याले उचलन कोण?" ती म्हणाली.

"तो आमचा विभाग नाही, बाई."

तिसऱ्यांनी कुबड्या दिल्या, लहान मुलाच्या मापाच्या. चांगल्या आहेत. लेकरं अजून त्यांनी चिंचा पाडतात.

*

त्या धुक्यातून आली ती वनिताताई. एका संस्थेची. एका घराचं सगळं एकाच माणसानं शेवटपर्यंत बघायचं, एवढंच तिचं काम. आम्हाला हे नवीनच!

ताई दारात आली तशी शेवंतानं देवाजीला उठवून बसवलं, त्याचे केस विंचरले, लेकरं बाजूला उभी केली.

"काढा फोटो, बाई. लवकर काढा, मले कामाले जाचं आहे."

"फोटो नाई काढत. चहा असन तं द्या."

शेवंता माझ्याकडं साखर मागायला आली. हळूच म्हणाली, "भाऊ, हे काई खरी मदतवाली दिसत नाई!"

*

ताईनं सगळ्या साहेबांना देवाजीच्याच अंगणात एकदम बोलावलं. अख्ख्या आळीतून खुर्च्या आणल्या. आपण काय काय केलं ते एकेकानं सांगितलं. टाळ्याही झाल्या.

मग ताईनं विचारलं, "पायाच्या व्यायामाले याहिले दवाखान्यात नेईन कोण?"

सगळ्यांना एकदमच उशीर व्हायला लागला!

मी म्हटलं, "माझी बंडी आहे."

आतून देवाजी ओरडला, "बंडीत नाई बसत!" किती दिवसांनी त्याचा आवाज ऐकला.

शेवटी बसला, पण मागं तोंड करून. म्हणे, "समोरचं तुमी पाहा, भाऊ. मी उलटाचं पाहतो."

*

व्यायामानं देवाजी काठी टेकत उभा राहायला लागला, गुडघा मात्र वाकेना तो वाकेनाच. पुढं मिरची तोडायचा हंगाम आला. तेलंगणात माणसं नेणाऱ्या टेम्पोत शेवंतानं आपलं आणि लेकरांचं नाव दिलं. लेकरांची शाळा सुटणार आणि देवाजी शेजाऱ्यांच्या भाकरीवर एकटा पडणार. जवळच्या रोपवाटिकेत तिला काम होतं, पण दिवसभराचं. मग घरच्यांना दुपारी रांधून कोण घालणार? सगळं तिथंच अडलेलं.

"तुमाले सैपाक येते का?" ताईनं देवाजीला विचारलं.

"येते ना! पण चूल जमिनीवर अन् पाय वाकत नाई. उभ्यानं फुंकू का?"

एवढ्या साहेबांनी घर पाहिलं, पण चूल कोणीच नाही पाहिली!

आम्ही आळीवाल्यांनी चिखल कालवला. कमरेएवढा ओटा केला, वर चूल मांडली. एक साहेब पाहायला आले.

"ही कोणत्या योजनेतून?"

"चिखलाच्या, साहेब," मी म्हटलं.

त्यांनी लिहून घेतलं.

*

टेम्पो आला. शेवंता गाठोडं घेऊन दारात उभी. नव्या चुलीचा धूर छपराच्या कवेलूंतून वर निघत होता.

ड्रायव्हर ओरडला, "चढते का, बाई?"

ती धुराकडं पाहत राहिली. लेकरं तिच्याकडं.

"जा तुमी," म्हणाली. गाठोडं घरात टाकलं, लेकरांना शाळेकडं पिटाळलं आणि रोपवाटिकेची वाट धरली.

दुपारी देवाजी काठी टेकत कुंपणापाशी आला. कपाळाला राख, चेहरा पडलेला.

"भाऊ, जरा घोटाळा झाला. आजवर मी लग्नाच्या पंगतीचाच सैपाक केला, चार जनाचा अंदाजच नाई मले. आळीतल्या सगळ्याईले ताटं घेऊन बलवा, शेवंता येवाच्या आत!"