नवरदेवाचा हात खाली येईना

लग्नाचा व्हिडिओ अडकत होता म्हणून मी गच्चीवर चढून डिश फिरवली. व्हिडिओ येत होता पलीकडच्या खोलीतल्या कम्प्युटरवरून. डिशचा आणि त्याचा काडीचाही संबंध नाही, हे मला शिडीच्या पहिल्या पायरीपासून माहीत होतं. तरी चढलो. खाली सहा बायका माझ्याकडे बघत होत्या, आणि अशा वेळी माणूस काहीतरी करताना दिसावा लागतो.

बायका आमच्या गल्लीतल्या. त्यांना चार वाजता बोलावलं होतं माझ्या आईनं. आई मूळची इचोड्याची, गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आदिलाबादला आमच्याकडे येऊन राहिलेली. नेमकं त्याच आठवड्यात बासरला माझ्या पुतणीचं लग्न झालं. घरातली पहिली नात, आणि आजी खाटेवर. नवरदेव तेलुगू घरातला. त्यांच्यात मुहूर्ताच्या क्षणी नवरा-नवरी एकमेकांच्या डोक्यावर जिरं-गुळाची चिकट गोळी ठेवतात. ते झालं की लग्न लागलं.

“मले बाकी काही नोको दाखवू,” आई म्हणाली होती. “ते जीलकर्र-बेल्लम तेवढं दाखव. उद्या सकाळी इचोड्याले चालली मी.”

मी म्हटलं, फक्त तेवढंच कशाला? माझ्याकडे सर्व्हर आहे!

सर्व्हर म्हणजे मी ज्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो, तिथून बाद झालेला जुना कम्प्युटर. त्यात घरातले सगळे फोटो, व्हिडिओ भरायचे आणि टीव्हीवरून हवं ते लावायचं. फोटोग्राफरनं दिलेली फाइल फोर-के होती, म्हणजे इतकी स्वच्छ की भटजींच्या कानातले केस मोजून घ्यावेत. नुसती लावली असती तर मुकाट्यानं चालली असती. पण मी तिला सजवायला बसलो.

लग्नात अर्धं बोलणं तेलुगूतलं. आईला कसं समजायचं? म्हणून पंधरा दिवस खपून मी खाली पिवळ्या, नक्षीदार मराठी अक्षरांत भाषांतर चढवलं. आता माझं तेलुगू म्हणजे ऑटोवाल्याला थांबवण्यापुरतं. जिथं समजलं नाही तिथं मी ‘पाहुण्यांचं स्वागत असो’ असं लिहून टाकलं. लग्नात कोण कशाला वाईट बोलेल?

तर चार वाजता लावला. चार सेकंद चालला, थांबला, मधोमध गोल चकरी फिरायला लागली. पुन्हा चार सेकंद. मी फुशारकीनं सरळ मुहूर्तावर नेला. नवरदेवाचा हात उचलला गेला, पुतणीच्या डोक्यावर वीतभर अंतरावर आला आणि तिथंच राहिला.

आई म्हणाली, “काऊन रे, लकवा मारला काय नवरदेवाले?”

डिशचं वर सांगितलंच. उतरलो तेव्हा हात होता तिथंच होता. वर आता टीव्हीची बाकीची चॅनेलंही गेली होती. मग वायर बदलली. मग स्वयंपाकघरात जाऊन मिक्सरचा प्लग उपटला, व्होल्टेजचा संशय म्हणून. मग पलीकडच्या खोलीत जाऊन सर्व्हरच्या पडद्यावर बघितलं तर प्रोसेसर शंभर टक्क्यांवर! आधी ऊर भरून आला. म्हातारा जीव तोडून काम करतोय. हात लावला तर तवा. मी धावत बाहेर आलो, बायकांसमोरचा कूलर उचलला आणि सर्व्हरपुढे नेऊन ठेवला. एप्रिल महिना.

पदरानं वारा घेत एकजण म्हणाली, “भाऊजी, त्याले ताप आला काय? पट्ट्या ठेवू?”

माझी बायको चहा घेऊन आत आली आणि कपबशी खाली ठेवायच्या आधीच तिनं पडद्यावर बोट ठेवलं.

“अहो, कारण तर इथंच लिहिलंय.”

“कुठं?”

“हे काय. सबटायटल चित्रावर छापून राह्यलो, म्हणून सगळा व्हिडिओ नव्यानं बनवून राह्यलो म्हणते तो. तुम्ही एवढा वेळ काय वाचत होते?”

मी टक्के वाचत होतो. आई इचोड्याच्या बाजारात विकायला नेलेलं वांग्यांचं पोतं जसंच्या तसं ऑटोतून उतरवायची. माझा सर्व्हर रस्त्यातच पोतं सोडून, एकेक वांगं पुसून, त्यावर माझी पिवळी अक्षरं रंगवून पुन्हा भरत होता. फोर-केची वांगीही डोंगराएवढी. मागणाऱ्याच्या हातात एक पडेपर्यंत बाजार उठायची वेळ.

एक बटण दाबायचं होतं. पंधरा दिवसांची मेहनत डोळ्यांपुढे आली. जड पावलांनी आईसमोर जाऊन उभा राहिलो.

“आई, खालची अक्षरं काढावी लागतात गं. पण मग तुला बोलणं समजणार नाही.”

“कोणते अक्षरं?” आई म्हणाली. “माहा चष्मा तं इचोड्यालेच राह्यला.”

दाबलं. हात खाली आला! गोळी डोक्यावर बसली, सनई वाजली, अक्षता उडाल्या, आणि आमच्या बैठकीत सहा बायकांनी अशा टाळ्या वाजवल्या की जणू लग्न आत्ताच लागलं. आईनं बसल्या जागी दोन्ही हातांनी टीव्हीचीच दृष्ट काढली. “अजून एक बार,” म्हणाली. पाच वेळा लावलं. मीही नाचायचा बाकी होतो. कूलर परत आणायचंसुद्धा विसरलो.

व्हिडिओ पुढे जेवणावळीपर्यंत गेला. तिथं नवरदेवाची मावशी कॅमेऱ्याकडे बघून तेलुगूत काहीतरी बोलली आणि सगळ्या बैठकीत हशा फुटला. सगळ्यात मोठ्यानं हसली आई.

“आई, तुला तेलुगू समजतं?”

“चाळीस वर्षं बाजारात वांगे विकले, ते काय मुक्यानं?”

त्या जागी मी काय लिहिलं होतं ते मला पाठ होतं: पाहुण्यांचं स्वागत असो. तरी विचारलं, “मग काय म्हणाली ती?”

आईनं पदरानं डोळे पुसले. “म्हणते, पोरीचा काका तिसऱ्या खेपेले जेवायले बसला. उठवा त्याले, नाही तं नवरदेव उपाशी राह्यते.”