तबकडीवर बांधलेलं ताट

निघोज्यात आमच्या गच्चीवर इंटरनेटची एक तबकडी आहे आणि हमरस्त्याला पुतण्याच्या वर्कशॉपवर दुसरी. दोघी एकमेकींकडं तोंड करून उभ्या. वायर वर्कशॉपपर्यंतच आली, पुढं सगळी वावरं. मग माझ्या एका लातूरच्या भाडेकरूनं, जो कंपनीत हेच काम करतो, हवेतून जोडणी करून दिली. त्याला म्हणे पूल म्हणतात. खाली ओढा नाही, वर फळी नाही, आणि पूल! माझ्या भाड्याच्या बारा खोल्या त्याच्यावरच पिक्चर बघतात.

मंडळी जाऊन वर्ष झालं. वर्षभर मी जेवायला दोन पाट मांडतो आणि एक उचलतो. वर्षश्राद्धाला लेक जर्मनीहून येऊ शकली नाही, सातवा महिना. तिचं एकच म्हणणं, "आबा, कावळा शिवताना मला बघायचंच आहे. आईचं काही राहिलं असेल तर कळू दे."

रविवार होता, त्यात मॅच. फोनवर लेकीचं चित्र सारखं अडकायला लागलं. लातूरकर म्हणाला, "मामा, बारा खोल्या एकाच नळाला तोंड लावून बसल्यात. तुमचा कॉल पुढं घेतो, बाकीचे मागं." त्यानं मोबाइलवर काहीतरी दाबलं आणि खालून गलका झाला, "मॅच कुणी बंद केली रं?"

मी कठड्यावरून ओरडलो, "गप बसा! आधी कावळ्याचं होऊ द्या!"

आता माझी अक्कल ऐका. कावळे रोज तबकडीच्या खांबावरच बसतात, म्हणून मी ताट तिथंच सुतळीनं बांधलं होतं. एक आला, चार आले, मग सगळं गाव आलं. भज्यावरून हाणामारी जुंपली आणि तबकडी गर्रकन फिरली. लेक फोनात तोंड उघडं ठेवून थिजली.

"ओ मामा, हे काय करायलाव! तबकडीवर ताट?"

मी स्टुलावर चढलो, तबकडीला मिठी मारली आणि केसाकेसानं फिरवू लागलो. लातूरकर खालून मोबाइलवर सिग्नलचे आकडे वाचत होता. "उणे ऐंशी... पंच्याऐंशी, उलटं जायलाव!... सत्तर... हलू नका, श्वास पण घेऊ नका... उणे साठ, बास!" तेवढ्यात एका कावळ्यानं माझी टोपी पळवली. वर्षात पहिल्यांदा मी हसलो, आणि असा हसलो की स्टूल हललं आणि लिंक पुन्हा गेली. लातूरकरानं शिव्या गिळत पाना आणला, तबकडी परत जुळवून नट आवळला.

लेक परत दिसली तेव्हा ताट चाटूनपुसून साफ होतं.

"शिवला?"

"शिवला की! ताट धुवायचं पण काम ठेवलं न्हाई."

"मला दिसलं नाही. तुम्ही मनानं सांगताय, आबा." आणि रडायला लागली.

दुसरं ताट वाढलं, या वेळी कठड्यावर. पण आता कावळ्यांची पोटं टम्म! टाकीवर बसून चोची घासत होते. पाव तास गेला. लातूरकर हळूच म्हणाला, "काहीतरी कबूल करा की, मामा."

मी हात जोडले आणि तोंडातून निघून गेलं, "पोरीच्या बाळंतपणाला तू जाणार होतीस. आता मी जातो. डिंकाचे लाडू करून नेतो."

लेकीचं रडणं मधेच थांबलं. "आबा, तुम्हाला चहा येत नाही!"

"मग शिकतो की!"

लातूरकर पोट धरून खालीच बसला. तेवढ्यात कुठून तरी एक कावळा उतरला, भजं उचललं आणि गेला. चित्र एकदाही अडकलं नाही. लेक तिकडं टाळ्या पिटत होती, डोळे पुसत होती, आणि खालून मॅचवाले विचारत होते, "झालं का हो?"

तो कावळा मागून आलेला, उपाशी असणार. हे मी लेकीला सांगितलेलं नाही. शब्द दिलाय, तो दिलाय. पासपोर्टाच्या फोटोसाठी दाढी करून आलोय, आणि डिंक तुपात टाकला की एवढा फुगतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. अर्धा शेगडीवर सांडलाय.