प्लगचा पांढरा रंग

दाजींच्या मोटरसायकलचे इंजिन ज्या चुकीमुळे जॅम झाले, ती चूक माझी होती. तिचा ठपका नांदेडच्या एका मेकॅनिकवर आला आणि पस्तीसएक वर्षे मी तो तसाच राहू दिला.

लातूर जिल्हा होऊन काही वर्षे लोटली होती, तरी आमच्याकडे त्याला नवा जिल्हाच म्हणत. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, तिथल्या कचेरीत होते. दुष्काळात गावोगावी टँकर खरोखर पोहोचतात की नाही, हे पाहण्याचे काम त्यांच्याकडे आले होते. शिरूर अनंतपाळच्या बाजूच्या कच्च्या रस्त्यांवर फिरून फिरून त्यांच्या गाडीचा सायलेन्सर फुटला. ती नांदेडला आमच्या घरी आणून सोडली, चार दिवसांत तयार ठेव असे मला बजावले आणि ते बसने परत गेले. मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो.

ज्यांच्याकडे मी गाडी नेली, त्यांना सगळे उस्ताद म्हणत. मूळ बनावटीचा सायलेन्सर कुठे मिळाला नाही. मिळाला तो आतून अधिक मोकळा होता. तो बसवला की काम संपले, अशी माझी समजूत. उस्तादांनी मला थांबवून घेतले. धूर मोकळा निघू लागला की इंजिन हवाही जास्त ओढते. पेट्रोल मात्र पूर्वीइतकेच मिळाले, तर इंजिन आतून तापत जाते, असे त्यांनी समजावले. मग कार्बोरेटरची वाटी उघडून नखाएवढा पितळी तुकडा काढला. हा जेट, याच्या छिद्रातून पेट्रोल जाते. त्याच्या जागी बसवायचा मोठ्या छिद्राचा जेटही त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. दोन्ही उजेडाकडे धरून मी बराच वेळ पाहिले. फरक दिसत नव्हता.

मोठा जेट बसवून आम्ही हदगावच्या रस्त्याला गेलो. गाडी पूर्ण वेगात असताना उस्तादांनी एकाच क्षणी क्लच दाबला, चावी बंद केली, गाडी कडेला घेतली आणि प्लग खोलून दाखवला. त्याचे टोक बदामी झाले होते.

"बदामी म्हणजे पोट भरलं," ते म्हणाले. "काळा आला तर अजीर्ण. अन् पांढरा आला ना बाबू, तर उपाशी पळून राहिली समजा. कधी पडंल, सांगता येत न्हाई."

डोळ्यांना न दिसणारा फरक असा रंगात उतरतो, याचे मला विलक्षण नवल वाटले. पांढरा कसा दिसतो, हे पाहिल्यावाचून राहवेना. दुसऱ्या दिवशी दुपारी मी अंगणात वाटी उघडली, उस्तादांनी परत दिलेला जुना जेट पुन्हा बसवला आणि त्याच रस्त्याला गेलो. गाडी उलट हलकी, चपळ वाटली. आवाजाला धार आली होती. प्लग काढला. खडूसारखा पांढरा! तो आनंद मला अजून आठवतो, आणि त्याची लाजही वाटते.

घरी जाऊन मोठा जेट बसवायचा, एवढेच उरले होते. पण दाजी एक दिवस आधीच येऊन दारात उभे होते. आईने दिलेले पाणी त्यांनी उभ्यानेच संपवले आणि म्हणाले, "जिल्हा नवा मिळाला, पण तहान जुनीच हाय." मग चावीसाठी हात पुढे केला. पाच मिनिटे थांबा, इतके म्हणणे पुरेसे होते. पण मग त्यांची गाडी न विचारता उघडल्याचे कबूल करावे लागले असते. मी चावी दिली, आणि मोठ्या जेटची नोंद असलेली उस्तादांची पावतीही.

लातूर यायच्या आतच, भर वेगात, पिस्टन जॅम झाला आणि मागचे चाक अडले. दाजींच्या खांद्याचे हाड मोडले. तिथल्या मेकॅनिकने इंजिन आणि कार्बोरेटर खोलून पाहिले आणि जेट जुनाच आहे, बदललेलाच नाही, असे सांगितले. हात गळ्यात बांधलेले दाजी मला घेऊन उस्तादांच्या दुकानात गेले.

"घातला म्हणून सांगता, अन् घातलाच न्हाई? माणूस मेला असता की."

उस्तादांनी माझ्याकडे वळून शांतपणे विचारले, "बाबू, तुमच्यासमोरच बसवला ना मी?"

मी म्हणालो, "मला नीट आठवत नाही."

दाजींनी ही गोष्ट ओळखीच्या प्रत्येक कचेरीत सांगितली. उस्तादांकडे येणाऱ्या निम्म्या गाड्या सरकारी नोकरांच्या होत्या. त्या येईनाशा झाल्या. वर्षभरात दुकान बंद करून ते बिलोलीला गेल्याचे कानावर आले. मी त्याहून अधिक चौकशी केली नाही. पुढे दाजीही वारले. त्यांना सांगायचे राहूनच गेले.

गेल्या उन्हाळ्यात मी बिलोलीला गेलो. काम आहे, असे घरी सांगितले होते. विचारत विचारत दुकान सापडले. उस्ताद फार म्हातारे झाले होते, तरी एका गाडीचा कार्बोरेटर मांडीवर घेऊन बसले होते. दाजींच्या गाडीचा उल्लेख करताच त्यांनी मला ओळखले आणि बसायला स्टूल दिले. रागाचा शब्द नाही. हातातला जेट त्यांनी पिळून घट्ट केला, वाटी लावली, पुन्हा उघडली, जेट पुन्हा पाहिला. असे का, म्हणून मी विचारले.

"तुमच्या दाजींच्या गाडीपासून," ते म्हणाले. "बसवला असं मला तर आठवत होतं. पण माझाच हात चुकला असंल. तवापासून दोनदा बघतो."

मला स्टुलावर बसवेना. मी उठून उभा राहिलो.

"उस्ताद, तुमचा हात चुकला नव्हता. तुम्ही बसवलेला जेट मी काढला होता. आणि तुम्ही विचारलंत, तेव्हा मला सगळं आठवत होतं. मी खोटं बोललो. मला माफ करा."