जलद गाडीचे प्रवासी

वर्धा-आर्वी अपडाऊन करणाऱ्या आमच्या कंपूकडे किस्से कधी गोळा होतात, कळत नाही. त्यातले निम्मे ‘जलद’ या एका शब्दाचे. नव्वदच्या दशकात आमच्या लाल गाडीवर ती पाटी असायची. अर्थ मला आजही नीट सांगता येत नाही.

आमच्यात नवीन आलेल्या देशमुखबाई पहिल्याच दिवशी सकाळी मोठ्या विश्वासाने जलदमध्ये बसल्या. मागून सुटलेली साधी गाडी आमच्या पुढे निघून गेली. बाईंनी कंडक्टर वानखेडेला विचारलं, तर तो शांतपणे म्हणाला, "बाई, बोर्ड जलद हाय. गाडी जुनीच हाय."

जलद लहान फाट्यांवर थांबत नसे. आमचे वासुदेवराव अशाच एका फाट्यावरचे, रिटायरमेंटला आलेले क्लार्क. संध्याकाळी वर्धेहून दुसरी गाडी नसे. जलद त्यांना घरावरून पुढे आर्वीला न्यायची, तिथून मिळेल त्या वाहनाने ते उलटे यायचे. तोवर नातू झोपलेला. तो जागा असताना घरी पोचायचं, एवढीच बिचाऱ्यांची इच्छा.

एकदा ड्रायव्हरने नेमकी त्यांच्याच फाट्यावर वांगी घ्यायला गाडी उभी केली. वासुदेवराव पिशवी घेऊन उठले. वानखेडे आडवा आला. "काका, थांबा नाई हाय इथं. गाडी फक्त उभी हाय."

वासुदेवराव परत बसले. आम्हालाही त्यात काही चुकीचं वाटलं नाही, हे विशेष.

शेवटी अर्ज करकरून त्यांनी थांबा मिळवलाच. पण लहान फाट्यावर थांबणारी गाडी जलद कशी म्हणायची? म्हणून डेपोने तिची पाटी बदलून ‘साधी’ केली, आणि तिच्याशेजारी नवी जलद लावली.

नव्या थांब्याच्या पहिल्या संध्याकाळी वर्धेच्या स्टँडवर दोन्ही गाड्या उभ्या. आम्ही आर्वीवाले जलदमध्ये चढलो. वासुदेवरावांनी दोन्ही पाट्या वाचल्या आणि आमच्या मागोमाग चढले.

"काका, हे तुमच्या फाट्यावर थांबत नाई," वानखेडे म्हणाला.

"नाई थांबली तं नाई. पण लवकर चाला, आज नातू जागा हाय."

फाटा आला. हार घेऊन गावकरी उभे, सुनेच्या कडेवर नातू टक्क जागा. गाडी थांबली नाही. वासुदेवरावांनी खिडकीतून सगळ्यांना नमस्कार केला, घड्याळ पाहिलं आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "पाहा, आज किती लवकर आलो."