रणगाड्यातली एक दुपार

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या दोन वर्षांत मी नगरच्या छावणीत होते. रणगाड्यांच्या शाळेत नव्या शिपायांना बिनतारी संच चालवायला शिकवायचं, हे माझं काम. शिकवणारे पुरुष आघाडीवर गेले होते, म्हणून बायकांच्या सहायक दलातून आम्हाला घेतलं होतं. माझे वडील शेवगावात बैलगाड्यांची चाकं बनवत. घरात मॅट्रिक झालेली मी पहिली. दलाचा अर्ज हेडमास्तरांनी स्वतः बसून भरून दिला. पुढे त्या नोकरीच्या आधारावरच मी पुण्याला जाऊन बी.ए. झाले, तेव्हा त्या दिवसांचे माझ्यावर उपकारच आहेत. तरी ते फार एकटेपणाचे होते, हेही लिहायला हवं.

बराकीतल्या मुली पुण्या-मुंबईच्या, आपसांत इंग्रजी बोलणाऱ्या. वाईट कोणीच नव्हती. त्या हसल्या की मीही हसायचे, कशाला ते न कळता. सुट्टीत शेवगावच्या मोटारीत बसले, की माझी खाकी साडी बघून शेजारची बाई उठून दुसरीकडे बसायची. मी घरी असेपर्यंत आईच्या मैत्रिणी आमच्याकडे फिरकत नसत.

कानाला हेडफोन लावले म्हणजे मात्र बरं वाटे. पाच गाड्यांतले आवाज एकमेकांना हाका मारत, आणि मधे मी असे. रणगाड्याला तिथे सगळे गाडीच म्हणत.

पण नियम असा होता, की बायकांनी वर्गात शिकवायचं, गाडीत चढायचं नाही. शेवटच्या सरावाला मागे उरलेले पुरुष उस्ताद, म्हणजे शिकवणारे, शिकाऊ पोरांबरोबर गाडीत बसत. आम्ही बाहेर. मी धीर करून गोऱ्या मेजरसाहेबांकडे परवानगी मागितली. ते म्हणाले, "एक दिवस बसून बघ. तुकडीच्या जमादाराला योग्य वाटलं, तर बायकांना गाड्यांत घ्यावं असं मी वर लिहीन." मला दुसरं काहीच नको होतं.

आमच्या गाडीचा ड्रायव्हर सुप्याकडचा होता. आदल्या दिवशी मी साडी सावरत चढून बघत होते, तेव्हा तो खाली उभा राहून हसला.

"ताई, असं न्हाई जमायचं. काष्टा घाला की! आमची म्हातारी नववारीत इहिरीत उतरती."

"सरकारी साडी आखूड आहे. काष्ट्याला पुरत नाही."

"मंग जोडा दुसरीचा तुकडा. सरकार काय मोजाय येतंय व्हय?"

मी तुकडा जोडला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी पाचही गाड्या माळावर एका ओळीत थांबल्या. पहिलीत तुकडीचे अधिकारी जमादारसाहेब. उत्तरेकडचे, आफ्रिकेच्या वाळवंटात लढून आलेले. मला 'बेटी' म्हणत. दुसऱ्या गाडीत मी. तिथवर माझ्या शिकाऊ पोराचा एकही निरोप चुकला नव्हता.

संचाला एक स्विच असतो. एका बाजूला असला तर बोलणं गाडीतल्या गाडीत राहतं, दुसऱ्या बाजूला असला तर सगळ्या गाड्यांत जातं. आणि तो तसाच राहिला, तर त्या माणसाला इतर कोणाचं काही ऐकू येत नाही. जमादारसाहेबांचा तसाच राहिला. ते आपल्या ड्रायव्हरशी हिंदुस्तानीत बोलत होते, आणि पाची गाड्या ऐकत होत्या. मागे तंबूत मेजरसाहेबही.

"बेटी हुशार आहे. माझ्या पोरांपेक्षा हुशार. पण उद्या गाडी पेटली तर पोरं आधी तिला बाहेर काढतील आणि स्वतः आत जळतील. साहेबांनी विचारलं तर मी नाही म्हणणार."

माझा ड्रायव्हर खालून म्हणाला, "ताई, काढा ते कानातलं. नका ऐकू."

पण बोलणं चालूच होतं, आणि चूक दुरुस्त करणं उस्तादाचं काम. मी पाना घेऊन खाली उतरले. दोन गाड्यांमधलं अंतर फार तर पन्नास पावलं असेल. प्रत्येक गाडीतून डोकी वर आली होती. कोणी शीळ घातली नाही की हसलं नाही. कोणी हसलं असतं तर चालणं सोपं झालं असतं. मी पहिल्या गाडीवर पाना आपटला. जमादारसाहेब वर आले.

"साहेब, आपला स्विच बाहेरच्या बाजूला आहे."

त्यांनी ओळीतल्या डोक्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तोंड लाल झालं. "बेटी, मी वाईट काही बोललो नाही."

"नाही, साहेब," मी म्हटलं. खरोखरच ते वाईट बोलले नव्हते.

सराव उरकल्यावर मेजरसाहेबांनी आम्हा दोघांना तंबूत बोलावलं. जमादारसाहेबांनी शब्द फिरवला नाही. सगळं पुन्हा एकदा माझ्यासमोर सांगितलं, सावकाश, जमिनीकडे बघत. शेवटी म्हणाले, "मी एकदा मित्राला आत ठेवून बाहेर आलोय. मला माहीत आहे."

मेजरसाहेबांनी मला विचारलं, "तुला काही बोलायचं आहे?"

"नो, सर."

वर काही लिहिलं गेलं नाही. मी पुन्हा वर्गात शिकवू लागले. आठवड्याभरात ती तुकडी ब्रह्मदेशाच्या आघाडीकडे निघून गेली.

त्यानंतर कधीतरी नळावर कपडे धूत होते. शेजारची मुलगी तिच्या भावाचं पत्र मोठ्याने वाचत होती, आणि अचानक ध्यानात आलं. गाडी पेटली असती तर मीही कोणाला तरी बाहेर ओढलं असतं. त्या शिकाऊ पोराला, सुप्याच्या ड्रायव्हरला. तंबूत बसलेल्या तिघांपैकी एकाच्याही मनात हे आलं नव्हतं, आणि त्या तिघांत मीही होते. मी ओल्या हातांनी उठले. पण सांगायचं कोणाला? गाड्यांच्या शेडमध्ये नवी पोरं आली होती.