चिंचेच्या पाण्यातल्या नळ्या

जांभळा रंग उडून पिवळट झाला, तेव्हा नळीत तिळाच्या अर्काचा थेंबसुद्धा नव्हता. मी दुसरी नळी घेतली. तिच्यातही तेच झालं.

रंग उडण्यात एवढं काय, ते सांगते. तीळ, शेंगदाणा, सूर्यफूल यांच्या दाण्यात तेल खवट होऊ न देणारी काही द्रव्यं असतात, अँटिऑक्सिडंट. ती मोजायची सोपी टेस्ट आहे. एक जांभळं रसायन घ्यायचं, त्यात दाण्याचा अर्क घालायचा. ही द्रव्यं जितकी जास्त, तितका रंग फिका. किती फिका, ते मशीन सांगतं. सोबत एक नळी अर्काशिवाय ठेवतात. तिला ब्लँक म्हणतात. तिचा रंग टिकायलाच हवा, कारण बाकी सगळ्यांची तुलना तिच्याशी होते.

२००६-०७ च्या सुमारास मी भाईंदरच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या छोट्या लॅबमध्ये केमिस्ट होते. ब्लँकसाठी माझी राखीव नळी होती. ती मी स्वतः धुवायचे, स्वतःच्या ड्रॉवरमध्ये ठेवायचे. बाकी नळ्या फिलोमिनाबाई धुवायच्या. त्या दिवशी माझी फुटली, म्हणून त्यांच्या रॅकमधली उचलली.

मी तडक सिंकपाशी गेले. फिलोमिनाबाई भाईंदरजवळच्या पाली गावच्या, मासेमारी करणाऱ्या घरातल्या. साबणाने तिळाच्या तेलाचा वास जाईना, म्हणून त्या नळ्या चिंचेच्या पाण्यात भिजवून ठेवायच्या, घरी म्हावऱ्याची भांडी ठेवतात तशा. मग एकदाच पाण्यातून काढायच्या. गावात पाण्याची बोंब, लॅबला टँकर. पाणी वाया घालवणं त्यांना जमायचंच नाही. नळ्या अशा चकचकीत असायच्या की मीच चारचौघांत त्यांचं कौतुक करत असे.

आता चिंचही तो जांभळा रंग उडवते. म्हणजे गेले कित्येक महिने मी तिळाबरोबर चिंच मोजत होते. कुठल्या नळीला जास्त चिकटली, कुठल्या नळीला कमी, एवढाच काय तो फरक. मी तिथूनच मालकांच्या केबिनकडे निघाले.

कारण एका बियाणे कंपनीने तिळाचे बारा वाण आमच्याकडे पाठवले होते. एक काळा तीळ सगळ्यांच्या पुढे निघाला. माझ्याच सहीच्या रिपोर्टवर त्यांनी तो निवडला होता आणि पुढच्याच आठवड्यात त्याचं बियाणं शेतकऱ्यांना वाटणार होते.

आमचे मालक मेहतासाहेब शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, “मॅडम, पुढच्या वेळेपासून बराबर करा ना. जुनं कशाला उकरताय?”

“सर, पेरणी झाली की उकरूनही काही उपयोग नाही.”

त्यावर ते रिटेस्ट करा म्हणाले. सगळ्या नळ्या पुन्हा धुतल्या, शेवटी मिथेनॉलने विसळल्या. बाराही वाण तीन-तीनदा लावले. काळा तीळ नवव्या नंबरावर गेला. मी आकडे पुन्हा पुन्हा तपासले. नववाच.

कंपनीला फोन मीच केला. पलीकडचा माणूस ओरडला असता तर बरं वाटलं असतं. तो फक्त “वाटप थांबवतो” म्हणाला आणि फोन ठेवला. त्यांनी पुन्हा आमच्याकडे सँपल पाठवलं नाही.

मेहतासाहेबांना कंपनीला पाठवायच्या पत्रात “धुलाई कर्मचाऱ्याची चूक” असं लिहायचं होतं. मी आधी फिलोमिनाबाईंना सगळं समजावलं. त्या रागावल्या नाहीत. नळी पुसत म्हणाल्या, “चिंचेचं मला कुनी सांगितलंच न्हाय. पन मॅडम, ती एकच नळी तुमी कशाला धुवायच्या? माज्या हातचं चालत न्हवतं?”

खरंच चालत नव्हतं. ती नळीही त्यांच्याकडे टाकली असती, तर पहिल्याच दिवशी ब्लँकचा रंग उडाला असता आणि चूक तिथल्या तिथे पकडली गेली असती.

पत्रात चूक माझ्या नावावर लिहिली. ब्लँकची नळीही बाकी नळ्यांच्याच रॅकमधून घ्यावी, हे पुस्तकात पहिल्या पानावर असतं. मला ते पालीच्या बाईकडून शिकावं लागलं.