लहान मेंदूचं काम

बादलीतला मेंदू मावशी दोन्ही तळव्यांवर उचलायच्या. औषधाचं पाणी निथळू द्यायच्या, मग तो टेबलावर ठेवून पोरांना बजावायच्या, "देठाले धरून उचलू नका, बावा. तुटला तं जुळत नाई."

वऱ्हाडातल्या एका मेडिकल कॉलेजात मी शरीररचना शिकवायचो तेव्हाची ही गोष्ट. मावशी आमच्या विभागात अटेंडंट. माहेर बडनेऱ्याकडचं, भाजीवाल्यांचं. मागच्या बाजूचा लहान मेंदू उभा कापला की आत झाडासारख्या फांद्या दिसतात. मी त्याचं लॅटिन नाव फळ्यावर लिहायचो, पोरं गोंधळायची. मावशी म्हणायच्या, "फुलकोबी कापून पाहा घरी. तसंच असते." आणि वर, "मोठा इचार करते, लहाना तोल सांभाळते. लहान्याले लहान समजू नका." हे वाक्य घोकून कितीतरी जण पास झाले. पास झाल्यावर मावशींकडे वळून कोण पाहतं? तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील.

त्या दिवशी तोंडी परीक्षा चालू होती. बाहेरगावचे परीक्षक माझ्या शेजारी बसलेले. मावशी दारातून थेट माझ्या टेबलाशी आल्या.

"सर, खाली कॅज्युअल्टीत चला. भावाले आणलं. उलट्या करून राहिला, चालताना कलंडते. नाकाले बोट लाव म्हटलं, तं गालाले लावून राहिला. लहाना मेंदू आहे, सर. आन् खाली डॉक्टर म्हणते, पेलेला आहे."

"घेतली होती का त्यानं?"

"मोझरीच्या आश्रमात भजनाले जाणारा माणूस तो. थेंब शिवत नाई. तुमी एक शब्द बोला. माह्या तोंडाचं कोण ऐकते?"

खालचा डॉक्टर आमचाच विद्यार्थी. मी परीक्षकांकडे पाहिलं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

"तुम्ही व्हा पुढे, मावशी. मी आलोच."

त्या गेल्या. समोरच्या मुलाला मी विचारलं, लहान मेंदूचं काम काय? "तोल सांभाळणं," तो म्हणाला. मी पूर्ण गुण दिले.

खाली गेलो तोवर तास उलटला होता. 'उतरेपर्यंत बसवा' म्हणून भावाला बाहेरच्या बाकावर टेकवलं होतं. तो मावशींच्या खांद्यावर कलला होता आणि हाकेला ओ देत नव्हता. मग मात्र सगळे धावले. तपासणीत लहान मेंदूत रक्तस्राव दिसला. साचलेल्या रक्ताने मेंदूचा देठ, श्वास चालवणारा, दाबला गेला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. केसपेपरवर 'मद्यपान' तसंच राहिलं.

भावाचे दिवस झाल्यावर मावशी कामावर आल्या. बादल्या भरल्या, टेबलं पुसली. पोरांशी बोलणं बंद. महिन्याभरात त्यांनी धोबीखान्यात बदली मागून घेतली आणि पुढे नोकरीच सोडली.

गेल्या वर्षी अमरावतीच्या भाजीबाजारात त्या दिसल्या. पुढ्यात सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या, वांगी, पालक. त्यांनी मला ओळखलं, पण 'सर' म्हणाल्या नाहीत. मी अर्धा किलो वांगी मागितली. त्या तोलत होत्या तेव्हा मनात साचलेलं बोलून टाकलं.

"मावशी, त्या दिवशी मी लगेच यायला हवं होतं."

"आले असते तं त्या डॉक्टरनं ऐकलं असतं तुमचं?"

"हो. ऐकलं असतं."

त्यांनी वांगी माझ्या पिशवीत ओतली.

"मंग आता काहून सांगता?" म्हणाल्या, आणि मागच्या गिऱ्हाईकाला विचारलं, "तुमाले काय देऊ, बाई?"